थेम्सकाठच्या राजेशाही हॉटेलात दोन पेन्सचा चहा

मोठ्या हॉटेलच्या दारात टोपी घातलेला दरवान दिसला की आपल्यापैकी पुष्कळांची पावले आपोआप मंदावतात. खिशात पैसे असले तरी मंदावतात. कोणी हटकेल का? काटा-चमचा कसा धरायचा? मेनूतले नाव चुकीचे उच्चारले तर वेटर हसेल का? ही भीती पैशांपेक्षा मानाची जास्त असते. आमची मुले आता शिकून परदेशी जात आहेत. त्यांच्या मनातून ही भीती जावी म्हणून या आठवड्याच्या कुटुंब-पानावर आम्ही लंडनच्या ‘सॅव्हॉय’ हॉटेलची गोष्ट सांगत आहोत. याच्या दारात राजे-महाराजे उतरले आणि याच दारातून एका रात्री गोदी कामगारांची बायका-मुले ताठ मानेने आत गेली.

राजवाडा जळाला ती जागा

लंडन शहरात थेम्स नदी जिथे वळण घेते तिथे नदी आणि ‘स्ट्रँड’ नावाचा रस्ता यांच्यामध्ये हे हॉटेल उभे आहे. ‘सॅव्हॉय’ हे नाव हॉटेलपेक्षा कितीतरी जुने आहे. तेराव्या शतकात इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने ही जमीन सॅव्हॉय प्रांताच्या पीटर नावाच्या सरदाराला दिली. पुढे तेथे जॉन ऑफ गाँट या राजपुत्राचा वाडा उभा राहिला. इंग्लंडमधल्या सर्वात श्रीमंत वाड्यांत त्याची गणना होई.

मग १३८१ साल उजाडले. लढायांचा खर्च भागविण्यासाठी सरकारने डोईपट्टी बसविली होती. श्रीमंताच्या डोक्यावर कर आणि वेठबिगार कुळाच्याही डोक्यावर कर. खेड्यापाड्यांतले शेतकरी, कुळे, कारागीर वॅट टायलर याच्या पुढारीपणाखाली लंडनवर चालून आले. १३ जून १३८१ रोजी त्यांनी सॅव्हॉयचा वाडा पेटवून दिला. त्या काळच्या बखरकारांनी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. आम्ही चोर नाही, आम्ही लुटायला आलो नाही, असे या लोकांनी ठरविले होते. एकाने चांदीची वस्तू लपविली तेव्हा त्याच्या सोबत्यांनीच त्याला त्या आगीत ढकलले, असे ते सांगतात. ही शिक्षा क्रूर होती. पण उपाशी माणसालाही आपल्या नावाला डाग नको होता, हे त्यातून कळते. दोनच दिवसांनी वॅट टायलर मारला गेला आणि उठाव चिरडला गेला.

जळालेला वाडा पुन्हा कोणी बांधला नाही. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला याच जागेवर गरीब आणि निराधार लोकांसाठी एक मोठे रुग्णालय उभे राहिले. आज त्याचे एक छोटे चर्च तेवढे शिल्लक आहे.

नाटकाच्या पैशांतून हॉटेल

पुढे नदीचे रूप पालटले. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटात बसणे अवघड झाले. सगळ्या शहराची घाण नदीत जात होती आणि पटकीने हजारो गरीब मरत होते. गरीब मरत होते तोवर काम रेंगाळले होते. पार्लमेंटाच्या नाकाला वास लागला तेव्हा पैसा मंजूर झाला. जोसेफ बॅझलजेट या इंजिनियरने भुयारी गटारे बांधली आणि नदीकाठी दगडी बांध घातला. तो १८७० साली पुरा झाला. सॅव्हॉयच्या खिडकीतून दिसणाऱ्या त्या देखण्या रस्त्याखाली आजही शहराचे गटार आणि आगगाडीचा बोगदा आहे.

रिचर्ड डॉयली कार्ट हा नाटकधंद्यातला माणूस. त्याने १८८१ साली येथे नाट्यगृह बांधले आणि ते संपूर्णपणे विजेच्या दिव्यांनी उजळले. नाटकांत मिळालेल्या पैशांतून त्याने शेजारीच हॉटेल बांधले आणि ६ ऑगस्ट १८८९ रोजी ते उघडले. खोलीत विजेचा दिवा, वर जायला विजेची लिफ्ट, नळाला गरम पाणी! त्या काळी लंडनमधल्या बड्या घरांतही नोकर बादल्यांतून गरम पाणी वर नेत असत, हे लक्षात घेतले म्हणजे लोक का चकित झाले ते समजते.

या हॉटेलच्या नदीकडच्या भोजनगृहाने एक जुनी रीतही मोडली. तोपर्यंत घरंदाज इंग्रज बाई चारचौघांत हॉटेलात बसून जेवत नसे. सॅव्हॉयमध्ये बायका नवऱ्याबरोबर, पाहुण्यांबरोबर उघडपणे जेवू लागल्या. अर्थात ही मोकळीक पैसेवाल्या बायकांपुरती होती. भांडी घासणाऱ्या बाईला तेथे टेबल कोण देणार?

खिडकीतून दिसणारा पूल

सॅव्हॉयच्या नदीकडच्या खिडकीचे मोल फार. क्लॉद मोने हा फ्रान्सचा थोर चित्रकार १८९९ ते १९०१ या काळात येथे येऊन राहिला आणि खिडकीत बसून त्याने धुक्यातल्या थेम्सची आणि तिच्यावरच्या पुलांची चित्रे पुन्हा पुन्हा रंगविली. धुके म्हणजे काय, तर त्यात मोठा वाटा कोळशाच्या धुराचा. चित्रात तो जांभळा-गुलाबी दिसतो, पण कारखान्यात काम करणाऱ्याच्या छातीत तो काळाच बसत असे.

मोनेने रंगविलेला वॉटर्लू पूल आता राहिलेला नाही. तो पाडून नवा पूल बांधायला घेतला आणि तेवढ्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले. पुरुष लढाईवर गेले. मग दगड कापायला, लोखंड वाकवायला, काँक्रीट ओतायला बायका आल्या. १९४५ साली पूल पुरा झाला. उद्घाटनाच्या भाषणात मात्र पूल बांधणाऱ्या पुरुषांचे कौतुक झाले, बायकांचा शब्दही निघाला नाही. कित्येक वर्षांनी जुनी छायाचित्रे सापडली, म्हाताऱ्या झालेल्या कामगार स्त्रियांनी आठवणी सांगितल्या आणि आता त्याला ‘बायकांचा पूल’ असेही म्हणतात. डोक्यावर घमेली वाहून इमारती उभ्या करणाऱ्या आमच्या माता-भगिनींना यात नवल वाटणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, खिडकीतून सुंदर देखावा पाहताना तो कोणाच्या हातांनी उभा केला, हे विचारायला विसरू नये.

लोहाराचा मुलगा भटारखान्यात

आता आत, भटारखान्यात जाऊ. सॅव्हॉयचे नाव जगभर झाले ते दोन माणसांमुळे. एक व्यवस्थापक सेझार रिट्झ आणि दुसरा मुख्य आचारी ओग्युस्त एस्कॉफिए. रिट्झ हा स्वित्झर्लंडच्या खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. एस्कॉफिए हा फ्रान्समधल्या लोहाराचा मुलगा. तेराव्या वर्षी तो काकाच्या हॉटेलात उमेदवारीला लागला. पुढे लढाईच्या काळात त्याने सैन्यासाठी स्वयंपाक केला.

त्या काळचा भटारखाना म्हणजे धूर, आरडाओरड, दारू आणि शिवीगाळ. एस्कॉफिएने तेथे शिस्त आणली. एकाकडे रस्सा आणि सॉस, दुसऱ्याकडे मासळी, तिसऱ्याकडे भाजलेले मांस, चौथ्याकडे भाज्या, पाचव्याकडे गोड पदार्थ, अशी कामाची वाटणी केली. पूर्वी एकच आचारी एक पदार्थ सुरुवातीपासून शेवटपर्यंत करी. आता एका ताटावर चार हात एकाच वेळी चालू लागले आणि जेवण गरम असतानाच टेबलावर पोहोचू लागले. भटारखान्यात दारू बंद करून त्याने जवाचे पेय ठेवले. शिवीगाळ बंद केली. आज मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉटेलांतही हीच पद्धत चालते आणि तेथे राबणाऱ्या आमच्या कित्येक मुलांना ती ठाऊक आहे.

नेली मेल्बा या ऑस्ट्रेलियन गायिकेसाठी त्याने व्हॅनिला आइस्क्रीमवर पीच हे फळ ठेवून एक गोड पदार्थ केला आणि तो बर्फातून कोरलेल्या हंसाच्या पंखांमध्ये मांडला. रासबेरीचा रस त्यावर नंतर आला. तोच ‘पीच मेल्बा’ आज जगभर मिळतो.

परंतु गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८९८ साली रिट्झ आणि एस्कॉफिए दोघांनाही सॅव्हॉयने काढून टाकले. माल पुरविणाऱ्यांकडून दलाली घेणे आणि हजारो पौंडांची दारू गायब होणे, असे आरोप होते आणि पुढे त्यांनी ते लेखी कबूल केले. पाककला थोर, हिशेब खोटा! आग लागलेल्या वाड्यातून चांदी न्यायची नाही असे ठरविणारे १३८१ चे अडाणी शेतकरी या बाबतीत त्यांच्यापेक्षा उजवे ठरतात.

टेबलावर बसावे कसे

अशा हॉटेलातल्या जेवणाचे नियम पाहून घाबरण्याचे कारण नाही. ते वेदमंत्र नव्हेत. अर्ध्या तासात शिकता येतात.

टेबलावर डावीकडे काटे आणि उजवीकडे सुऱ्या-चमचे ओळीने मांडलेले असतात. सर्वात बाहेरचा आधी उचलायचा आणि पदार्थ बदलेल तसे आत-आत यायचे. कापडी रुमाल मांडीवर पसरायचा. खाणे चालू असेल तर सुरी आणि काटा ताटात एकमेकांपासून दूर ठेवायचे. संपले म्हणजे दोन्ही शेजारी-शेजारी ठेवायचे. वेटरला खूण कळते. मेनू दोन प्रकारचे असतात. एकात ठरावीक किमतीत ठरावीक जेवण. दुसऱ्यात प्रत्येक पदार्थाची किंमत वेगळी. आपण कोणते घेत आहोत ते आधी विचारावे. पदार्थाचे नाव फ्रेंच असेल आणि कळले नाही, तर ‘यात काय आहे?’ असे सरळ विचारावे. तो अडाणीपणा नाही. ज्याचे पैसे, त्याला प्रश्न विचारण्याचा हक्क.

सॅव्हॉयसारख्या ठिकाणी दुपारचा चहा म्हणजे नुसता कप नव्हे. आधी छोटे सँडविच, मग स्कोन नावाचे पाव, त्यांच्याबरोबर जॅम आणि घट्ट साय, शेवटी केक. या एका चहापायी साध्या कामगाराची दिवसभराची बरीचशी मजुरी खर्ची पडते. तेव्हा कर्ज काढून तेथे जा, असे आम्ही कोणालाच सांगणार नाही. पण इंग्लंडात शिकणाऱ्या मुलांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दारूचा परवाना असलेल्या उपाहारगृहात साधे पिण्याचे पाणी मागितले तर फुकट द्यावे लागते. आणि बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ ऐच्छिक म्हणून लावलेला असेल तर तो नाकारता येतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून तेथे असा कायदा लागू झाला आहे की, ग्राहकाने दिलेली टिप आणि सर्व्हिस चार्ज मालकाने स्वतःकडे न ठेवता कामगारांनाच द्यावा. म्हणून जमेल तेव्हा तो द्यावा. भांडी विसळणाऱ्यापर्यंत तो पोहोचावा असा कायद्याचा हेतू आहे.

चौदावा पाहुणा

अंधश्रद्धा काय ती खेड्यातल्या अडाणी माणसांतच असते, असे समजणाऱ्यांनी सॅव्हॉयचे मांजर पाहावे. हे लाकडाचे काळे मांजर आहे, त्याचे नाव कॅस्पर. १८९८ साली येथे एका धनिकाने चौदा जणांना जेवायला बोलाविले; एक आला नाही, तेरा उरले. तेरा हा आकडा इंग्रज लोक अशुभ मानतात. तो यजमान काही आठवड्यांतच जोहान्सबर्गमध्ये गोळी लागून मेला आणि लोकांनी त्याचा संबंध तेरा आकड्याशी जोडला. तेव्हापासून पाहुणे तेरा झाले की हॉटेलचा एखादा नोकर चौदावा म्हणून टेबलावर बसवीत. परक्या माणसासमोर खासगी बोलणे होईना, म्हणून १९२०च्या दशकात हे मांजर कोरून घेतले. त्याला खुर्ची मिळते, गळ्यात रुमाल बांधतात आणि एकामागून एक पदार्थही वाढतात! चर्चिलसारखा पंतप्रधान या मांजराशेजारी बसून जेवत असे. लाकडाच्या मांजराला पाच पदार्थ वाढणारे ते टेबल जिवंत, भुकेल्या माणसाला मात्र सहजासहजी मिळत नव्हते.

१४ सप्टेंबर १९४०

ते मिळाले एका रात्री, तेही मागून नव्हे.

७ सप्टेंबर १९४० पासून जर्मन विमानांनी लंडनवर रोज रात्री बॉम्ब टाकायला सुरुवात केली. सर्वात जास्त मार बसला तो पूर्व लंडनला. तेथे गोद्या, गोदामे आणि गोदी कामगार, शिंपी, हमाल यांच्या दाटीवाटीच्या चाळी. तेथील निवारे गळके आणि कच्चे होते. भुयारी रेल्वेची स्टेशने खोल आणि सुरक्षित होती. पण सरकार तेथे लोकांना झोपू देत नव्हते. इकडे सॅव्हॉय हॉटेलने तळघरात आपल्या पाहुण्यांसाठी पक्का निवारा केला होता. त्यात पलंग होते, गाद्या होत्या, आरामखुर्च्या होत्या.

स्टेपनी भागाचे कम्युनिस्ट नगरसेवक फिल पिरॅटिन यांच्याबरोबर १४ सप्टेंबरच्या संध्याकाळी सत्तरएक माणसे सॅव्हॉयवर गेली. त्यांत बायका होत्या, मुले होती. भोंगा वाजला आणि ही सारी माणसे आत शिरून तळघरात जाऊन बसली. श्रीमंतांना चालतो तो निवारा आमच्या पोरांना का नको, एवढाच त्यांचा प्रश्न होता. व्यवस्थापकाने पोलिसांना विचारले. पण विमाने डोक्यावर असताना माणसांना रस्त्यावर कसे काढणार? पोलिसांनी हात आखडला.

मग या माणसांनी चहा मागितला. वेटरने सॅव्हॉयचा भाव सांगितला. त्यांनी उत्तर दिले की, साध्या चहाच्या दुकानात कपाला दोन पेन्स पडतात, आम्ही तेवढेच देऊ. वेटरही शेवटी कामगारच. त्याने वर जाऊन बोलणी केली. थोड्या वेळाने चांदीच्या तबकांतून, चिनीमातीच्या कपांतून चहा आला. सोबत पाव-लोणी आले. भाव दोन पेन्स.

हल्ला लवकर संपला, भोंग्याने खुशाली सांगितली आणि पैसे चुकते करून ती मंडळी घरी गेली. त्यांनी फुकट काही घेतले नाही, काही फोडले नाही. दुसऱ्या दिवशी ही बातमी सर्वत्र झाली. त्याच महिन्यात लोक भुयारी स्टेशनांत शिरून बसू लागले आणि सरकारला अखेर स्टेशने मोकळी करावी लागली. हे सगळे त्या एका रात्रीमुळेच घडले असे नाही. लोकांनी जागोजाग रेटा लावला, म्हणून घडले. पण निवारा हा दानाचा नव्हे, हक्काचा प्रश्न आहे, हे त्या दोन पेन्सच्या चहाने साऱ्या देशाला ऐकविले.

युद्ध संपल्यावर १९४६ साली याच हॉटेलच्या कामगारांनी आपल्या संघटनेला मान्यता मिळावी म्हणून संप केला. चांदीचे तबक उचलणाऱ्या हातांनाही हक्क हवा होता.

दार कायद्याने उघडते

१९४० च्या त्या रात्री प्रश्न गरीब-श्रीमंतीचा होता. पण हॉटेलच्या दारात माणसाचा रंग आणि जातही विचारली जाते. वेस्ट इंडीजचे नामवंत क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन १९४३ साली बायको-मुलीसह लंडनच्या इंपीरियल हॉटेलात उतरले. खोली आधी ठरविलेली होती. तरी काळा माणूस नको म्हणून त्यांना तेथे राहू दिले नाही. ते कोर्टात गेले आणि १९४४ साली जिंकले. नुकसानभरपाई मिळाली पाच गिनी! रक्कम किरकोळ, पण निकाल मोठा. तरीसुद्धा हॉटेल-उपाहारगृहात वर्णावरून मज्जाव करणे बेकायदा ठरविणारा इंग्लंडचा कायदा यायला १९६५ साल उजाडावे लागले.

आता आपल्या संविधानाचे कलम १५ काढून पाहा. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणालाही दुकानात, सार्वजनिक उपाहारगृहात, हॉटेलात, करमणुकीच्या जागी, विहिरीवर वा तलावावर अडविता येणार नाही, अशी त्यात स्पष्ट तरतूद आहे. ते २६ जानेवारी १९५० पासून लागू आहे. म्हणजे ज्यांच्या देशात सॅव्हॉय आहे त्यांच्या पंधरा वर्षे आधी आपण हा कायदा केला. विहिरीच्या जोडीला हॉटेल का घातले, हे वेगळी कपबशी पाहिलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना विचारा.

आणखी एक गोष्ट आम्हाला सांगावीशी वाटते. सॅव्हॉयपासून दहाएक मिनिटे चालत गेले की लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स लागते. तेथेच बाबासाहेबांनी १९१६ मध्ये आणि पुन्हा १९२० ते १९२३ या काळात अर्धपोटी राहून अभ्यास केला. त्या भागात सॅव्हॉयचे दिवे तेव्हाही लखलखत होते. त्या विद्यार्थ्याच्या खिशात त्या टेबलाचे पैसे नव्हते. पण पुढे त्याच विद्यार्थ्याच्या देखरेखीखाली तयार झालेल्या मसुद्याने या देशातल्या प्रत्येक हॉटेलचे दार कायद्याने आपल्यासाठी उघडले.

तेव्हा मुलांनो, पुढे कधी नोकरीच्या मुलाखतीसाठी, सभेसाठी किंवा पहिल्या पगारात आईला चहा पाजण्यासाठी मोठ्या हॉटेलात जाण्याची वेळ आली तर कपडे स्वच्छ ठेवा, मेनूचा भाव नीट वाचा, परवडेल तेवढेच मागवा आणि मान वर ठेवून बसा. वेटरशी अदबीने बोला. तो आपल्यातलाच कोणीतरी असतो. आणि निघताना बिल चोख चुकते करा. चहा दोन पेन्सचा असो की दोन हजारांचा, तो उपकाराचा नसला म्हणजे झाले.